गरम ब्रेकवर थांबायचं नाही

नव्या गाडीचे ब्रेक नवेकोरे, म्हणजे ते झकास लागत असणार, असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही झटक्याला कधी भेटला नाहीत. झटक्याने तुम्हाला शेजारच्या सीटवर बसवलं असतं, पट्टा नीट लावलाय ना हे दोनदा विचारलं असतं आणि पहिल्याच दाबाला दाखवून दिलं असतं, की नवा ब्रेक लागतो, पण मनापासून लागत नाही.

झटके हे काही त्याचं आडनाव नव्हे. नव्या गाड्या विकणाऱ्या एका मोठ्या दुकानाच्या यार्डात तो बावीस वर्षं एकच काम करत होता, त्यावरून हे नाव पडलं आणि इतकं चिकटलं की हजेरीच्या कार्डावरसुद्धा कुणीतरी तेच लिहून ठेवलं होतं. काम काय, तर ब्रेक बसवणं. बसवणं म्हणजे पान्याने आवळणं नाही हो, ते फिटर करतात. चाकामागे लोखंडाची चकती असते, ती डिस्क. ब्रेक दाबला की तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात ते पॅड. नवे असताना या दोघांचं जमत नाही. फोरमन म्हणायचा, "यांचं लग्न आम्ही लावतो, संसाराला झटके लावतो."

तर झटक्याने गाडी काढायची, यार्डामागच्या मोकळ्या रस्त्याला लावायची, साठचा वेग घ्यायचा आणि ब्रेक असा कचकचून दाबायचा, की पोटातलं पाणी हललं पाहिजे. साठवरून दहावर. पण थांबायचं नाही. दहावर आली की पाय उचलायचा, पुन्हा साठ, पुन्हा दाब. असे दहा दाब. सहाव्या-सातव्या दाबाला जळका वास यायला लागतो, दहाव्याला चाकांतून धूर निघतो. त्यानंतर अकरा किलोमीटरचा वळसा, दगडांच्या खाणीमागून. ना सिग्नल, ना चौक. त्या वळशात ब्रेकला पायसुद्धा लावायचा नाही, नुसत्या वाऱ्यावर डिस्क गार होऊ द्यायची. का, तर तापलेली डिस्क पॅडच्या चिमटीत धरून गाडी उभी केली, तर पॅडचा थर तिथल्या तिथे चिकटतो. डाग बसतो. मग ती गाडी जन्मभर ब्रेक लावला की स्टिअरिंगमध्ये थरथरते आणि घेणारा माणूस आठ दिवसांत भांडायला हजर.

म्हणून यार्डाच्या भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिलं होतं : गरम ब्रेकवर थांबायचं नाही. खाली मालकाची सही. ती सही झटक्यामुळेच आली होती. दोन महिन्यांपूर्वी एक म्हातारा कुत्रा रस्त्याच्या मधोमध बसकण मारून बसला, हॉर्नला दाद देईना. झटक्याने गाडी उभी केली, पाय ब्रेकवर रोवून, चांगली मिनिटभर. व्हायचं तेच झालं. गाडी परत आली. मालकाने सगळ्यांसमोर झटक्याला फैलावर घेतलं. "बावीस वर्षं झाली म्हणून घरचं कार्य समजलास काय? परत एकदा थांबलास, तर चावी टेबलावर ठेवायची आणि चालू लागायचं." झटक्याने मान खाली घातली. त्याला दुसरं काही येत नव्हतं. पन्नाशी उलटलेल्या माणसाला फक्त जोरात ब्रेक दाबता येतो म्हणून कोण कामाला ठेवणार?

आता यातली खरी गंमत, गंमत म्हणा किंवा काहीही म्हणा, त्याच्या बाबांची होती.

बाबा बसड्रायव्हर. छत्तीस वर्षं चौदा नंबरची बस चालवली, आणि चालवली म्हणजे अशी, की म्हाताऱ्या बायका दोन बस सोडून त्यांच्या बससाठी थांबायच्या. उभ्या माणसाला दांडा धरावा लागू नये, ही त्यांची खोड. झटका सोळा-सतरा वर्षांचा असताना त्यांनी त्याला गाडी शिकवली ती पाण्याने काठोकाठ भरलेला पेला समोर ठेवून. थेंब सांडला की टपली. "अरे, ब्रेक म्हणजे कबुली," ते म्हणायचे. "पुढचा रस्ता आधी वाचला नाही, याची कबुली. ज्याने वाचलाय त्याला ब्रेक लागतोच कशाला?"

आणि त्या माणसाचा मुलगा दिवसभर काय करतो, तर जोरात ब्रेक मारतो! नोकरी लागल्याचं सांगितलं तेव्हा बाबांनी कपाळावर हात मारून घेतला होता. "म्हणजे मी छत्तीस वर्षांत जेवढे हिसके दिले नाहीत, तेवढे तू एका दुपारी देणार. वा रे पठ्ठ्या!" पुढे ती घरातली नेहमीची थट्टा झाली. झटका संध्याकाळी आला की बाबा खुर्चीचे हात घट्ट धरून म्हणायचे, "सूनबाई, सांभाळा, आला बघा." सूनबाई हसायची. झटकाही हसायचा. मनात कुठेतरी लागायचंही.

मग बाबा विसरायला लागले. आधी चष्मा, मग वार, मग आई गेलीय हे. ती गेल्याचं त्यांना दर आठवड्याला नव्याने कळायचं आणि ते दर आठवड्याला नव्याने रडायचे. शेवटी घरात ठरलं की सांगायचंच नाही, बाहेर गेलीय म्हणायचं. मुलाचं नाव विसरले. बस विसरले नाहीत. सकाळी उठून दाढी करायची, निळा गणवेशाचा शर्ट चढवायचा, रिकामा डबा हातात घ्यायचा आणि दाराशी उभं राहायचं. "ड्युटीची वेळ झाली." आज सुट्टी आहे म्हटलं की खुर्चीत बसायचे, दहा मिनिटांनी पुन्हा दाराशी. दोनदा निसटले. एकदा भाजीबाजारात सापडले, एकदा जुन्या आगारात, तिथल्या पोरसवदा ड्रायव्हरला ते क्लचवरून रागावत होते. म्हणून दाराला बाहेरून कडी आली. झटका यार्डात, बायको इस्पितळाच्या धुलाईखात्यात पाळीवर. मधल्या चार तासांची जबाबदारी शेजारच्या मावशींवर.

त्या दिवशी मावशींनी कडी काढली. त्यांना दोष कसा द्यायचा? बाबा आतून म्हणाले, "बाई, सत्तर माणसं थांब्यावर उभी आहेत. माझ्यामुळे त्यांचा खाडा होईल, तो तुम्ही भरून देणार आहात का?" असं काही ठसक्यात म्हणाले, की मावशींचा हात आपोआप कडीकडे गेला. एवढा शहाण्यासारखा बोलणारा माणूस, म्हणे, वेडा कसा असेल?

त्या वेळी झटका आठव्या दाबावर होता. लाल रंगाची गाडी. सकाळचे साडेअकरा, ऊन स्वच्छ, रस्ता रिकामा. नववा दाब छान बसला. दहाव्याला वास आला तो अगदी हवा तसा, धुराची रेघ आरशात दिसली. झटक्याने पाय उचलला, पन्नासचा वेग धरला, पाठ सीटला टेकवली. काम झालं होतं, आता फक्त वळसा. इथून रस्ता हळूहळू चढत जातो आणि चढाच्या माथ्यावर चौदा नंबरचा जुना थांबा आहे. बस बंद होऊन नऊ वर्षं झाली, गंजलेला खांब तेवढा राहिलाय. पूर्वी तिथे ड्युटी बदलायची. सुटणारा ड्रायव्हर उतरायचा, चढणारा डबा घेऊन खांबापाशी तयार उभा असायचा, बस आली की हात वर करायचा.

खांबापाशी निळ्या शर्टातलं माणूस उभं होतं. हातात डबा.

दोनशे पावलांवरून झटक्याने बाबांना ओळखलं, त्यांच्या उभं राहण्यावरूनच. डावा खांदा जरा खाली. एवढं अंतर चालत आले? बाबांनी गाडी पाहिली आणि हात वर केला. घाबरून नाही, मदत मागायला नाही. रोजच्यासारखा, ड्युटी घेणाऱ्याने करावा तसा.

पाय ब्रेककडे गेला. गेला आणि मध्येच थांबला. काय काय आलं डोक्यात! धूर. भिंतीवरची हातभर अक्षरं. मालकाचं तोंड, कुत्रा, चावी टेबलावर. आणि मग आला तो हिशोबी, शहाणा विचार, ज्याने पुढे त्याला जगू दिलं नाही : अकरा किलोमीटर, म्हणजे चौदा मिनिटं. वळसा घालून इथेच तर यायचंय. बाबा काय, बस येईपर्यंत जागचे हलायचे नाहीत. छत्तीस वर्षांत थांबा सोडून गेलेत का कधी?

चढावर गाडीचा वेग पडायला लागला होता. झटक्याने अ‍ॅक्सिलरेटर दिला.

खांबाजवळून जाताना त्याने काच खाली करून ओरडून सांगितलं, "बाबा, आलोच! इथेच थांबा!" बाबा एक पाऊल पुढे आले होते, दाराचा दांडा धरायला हात पुढे केलेला. हात तसाच राहिला. आरशात झटक्याने पाहिलं तेव्हा ते वळून गाडीकडे बघत होते. चेहरा दिसला नाही, लांब होता. डबा दिसला.

ती चौदा मिनिटं झटक्याने बारा मिनिटांत काढली. फोन जवळ नव्हता, चाचणीला जाताना तो फोरमनच्या खणात ठेवावा लागे. वळशाच्या वळणांवर त्याने ब्रेक लावला नाही, सवयीने. इतका घाबरलेला असतानाही डिस्क जपली, बघा. माणसाचे पाय माणसापेक्षा कामाला जास्त इमानी असतात.

चढाच्या माथ्यावर खांब होता. बाबा नव्हते.

झटक्याने गाडी उभी केली, आता ब्रेक गार होते. उतरून हाका मारल्या. खांबामागचं गवत, रस्त्यापलीकडचा खड्डा, खाणीच्या कुंपणापर्यंत धावत जाऊन आला. अर्ध्या तासाने सायकलवरून एक माणूस आला. म्हणाला, हो, पाहिलं ना, निळ्या शर्टातले आजोबा. एक पांढरा मालट्रक थांबला, ड्रायव्हरने हात देऊन वर घेतलं. आजोबा अगदी खुशीत चढले. ट्रकचा नंबर? नंबर कोण बघतो हो? कुठल्या बाजूला गेला? त्याने मोठ्या रस्त्याच्या बाजूला हात केला, जिथून चार दिशांना चार रस्ते फुटतात.

तर कुणीतरी थांबलं होतं. मुलगा थांबला नाही, म्हणून परका थांबला.

चौकीत तक्रार लिहून घेणारे हवालदार सज्जन होते. चहा मागवला. "म्हणजे तुम्ही स्वतः पाहिलंत त्यांना?"

"हो."

"किती लांबून?"

"अगदी जवळून. हात लांब केला असता तर लागला असता."

हवालदारांची लेखणी थांबली. "मग तुम्ही थांबला का नाहीत?"

झटक्याने सगळं सांगितलं. पॅड, डिस्क, दहा दाब, डाग. बोलता बोलता त्यालाच ते कानाला कसंतरी लागायला लागलं, परक्या भाषेतलं असल्यासारखं. पण हवालदारांनी नीट ऐकून घेतलं आणि लिहिलं : वाहन थांबवणे तांत्रिक कारणाने शक्य नव्हते. आणि वही फिरवून त्याच्याकडे सहीसाठी ढकलली.

झटक्याने सही केली. शक्य नव्हते. त्या दोन शब्दांवर तो माणूस पुढे पाच महिने उभा होता.

शोधाशोध किती केली याला गणती नाही. चारही रस्त्यांवर, प्रत्येक पेट्रोल पंपावर, प्रत्येक टपरीवर बाबांचा फोटो चिकटवला. निळ्या शर्टातला नव्हताच एकही, म्हणून लग्नातला लावला, फेटा कापून. इस्पितळं झाली, वृद्धाश्रम झाले, एकदा दोनशे किलोमीटरवरून फोन आला म्हणून बायकोला घेऊन गेला. तिथे एक म्हातारा होता, तो बाबा नव्हता. त्यानेही झटक्याचा हात धरून ठेवला आणि सोडेना. बायकोने हळूच एकेक बोट सोडवलं.

शर्टाच्या खिशात नाव-पत्त्याची चिठ्ठी होती का? होती. रोज बायको घालायची. त्या दिवशी शर्ट धुवून वाळत घातला होता, तो बाबांनी दोरीवरून ओढून घातला, खिसा रिकामा. बायको हे स्वतःला सांगायची आणि रडायची. मावशी कडीचं सांगून रडायच्या. त्यांना रडता येत होतं. झटक्याला नाही. कारण सगळे त्याला सांगायचे, तुझा काय दोष? तुला थांबता येत नव्हतं. फोरमन म्हणाला, "अरे, तू थांबला असतास तर नोकरी गेली असती. शिवाय चौदा मिनिटांचा तर प्रश्न होता." मालकाने आठ दिवस भरपगारी सुट्टी दिली आणि खांद्यावर हात ठेवला. "कामाची शिस्त पाळलीस," म्हणाला. झटक्याला ओकारी आली, ती त्याने मोरीपर्यंत जाईतो दाबून धरली.

नवव्या दिवशी तो कामावर गेला. पुन्हा साठ, पुन्हा दाब. दहावा दाब, धूर, चढ, खांब. रोज चार गाड्या, म्हणजे रोज चार वेळा तो खांब. प्रत्येक वेळी तो मनातल्या मनात म्हणायचा, शक्य नव्हतं, शक्य नव्हतं, आणि अ‍ॅक्सिलरेटर देऊन पुढे जायचा. घरी आल्यावर खुर्चीकडे बघायचा नाही. खुर्चीचे हात धरून "सांभाळा" म्हणणारं कुणी नव्हतं आणि ती खुर्ची उचलून माळ्यावर टाकायचं धाडस दोघांपैकी एकालाही होत नव्हतं. जेवताना ती खुर्ची दाराकडे तोंड करून असायची.

पाचव्या महिन्यात, एका सुट्टीच्या दुपारी, बायकोने बाबांच्या कपड्यांचं गाठोडं काढलं. ऊन दाखवायला म्हणून. सदरे झटकता झटकता ती एकदम हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. झटका जेवत होता, त्याने मान वर केली.

"काय झालं?"

"काही नाही हो, आठवलं. मी आपलं लग्न ठरायच्या आधी एकदा बाबांच्या बसमध्ये बसले होते, सांगितलंय ना तुम्हाला? माझ्या मामाचं घर खाणीपलीकडे. मी खांबापाशी उभी. मला काय ठाऊक हे माझे सासरे होणार म्हणून! हात केला. बस अशी आली, अशी आली, आणि दार बरोबर माझ्या पायापुढे. ना कचकच, ना हिसका. मी म्हटलं, ड्रायव्हरकाका, तुमच्या बसला ब्रेक आहेत की नाहीत? तर म्हणाले, आहेत की, पण या थांब्यावर कोण लावतो? इथे चढच थांबवतो गाडी. आपण फक्त पाय उचलायचा."

तिने सदरा घडी करून ठेवला आणि दुसरा उचलला. "किती ऐटीत म्हणाले होते," ती म्हणाली.

झटक्याचा हात ताटावर तसाच राहिला. घास हातात. बायकोने दोनदा विचारलं, वाढू का म्हणून. तो उठला, हात धुतले आणि बाहेरच्या पायरीवर जाऊन बसला. संध्याकाळपर्यंत तिथून हलला नाही. काय झालं ते त्याने सांगितलं नाही आणि तिलाही कळलं नाही, बरं झालं.

दुसऱ्या दिवशीची पहिली गाडी पांढरी होती. झटक्याने पट्टा लावला, आरसे पाहिले. दहा दाब दिले, एकही हलका नाही. उलट रोजच्यापेक्षा जोरात, धूर रोजच्यापेक्षा दाट. पन्नासचा वेग धरला. चढ सुरू झाला, दोनशे पावलांवर खांब दिसला, जिथून त्याने त्या दिवशी डावा खांदा ओळखला होता तिथूनच.

आणि त्याने पाय उचलला.

खरं सांगायचं तर तो तेव्हा मागणं मागत होता. देवा, जाऊ दे पुढे. खांबाच्या पुढे जाऊ दे, भले शंभर पावलं, भले दहा. बस होती ती, जड होती, बाबांचा हात वेगळा होता. ही थांबणार नाही. शक्य नाही ते. लिहून दिलंय, सही केलीय.

चाळीस. गाडी चढाला लागली होती आणि आपसूक मंदावत होती. एक गिअर खाली. तीस. आणखी एक. इंजिन गुरगुरलं, गाडी मागे ओढल्यासारखी झाली. वीस. त्याचा उजवा पाय जमिनीवर सपाट होता, कशालाही न टेकलेला. दहा. पाच. माथा आला, क्लच दाबला, आणि गाडी एवढाही हिसका न देता, पेल्यातलं पाणी सांडणार नाही अशी, उभी राहिली. डाव्या खिडकीबाहेर खांब होता. खांबावरच्या गंजाचे पोपडे मोजता आले असते.

काहीच करावं लागलं नव्हतं. थांबायला काहीच करावं लागत नव्हतं. करावं लागलं होतं ते पुढे जायला.

झटक्याने गाडी गिअरमध्येच बंद केली. वाकून डाव्या बाजूचं दार उघडलं, अगदी पूर्ण. बाहेर वारा होता, गवत हलत होतं. म्हाताऱ्या माणसाला चढायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ ते दार उघडं राहिलं. आधी डबा आत ठेवणार, मग दांडा शोधणार, मग एक पाय. मग तो स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडला. पाच महिन्यांचं साचलेलं, तोंड उघडं टाकून, लहान मुलासारखा. "बाबा, मला येत होतं," म्हणाला. "तुम्ही शिकवलं होतं, मला येत होतं." तिथे ऐकायला कुणी नव्हतं.

यार्डात पोचला तेव्हा फोरमन घड्याळाकडे बघत दारात उभा. त्याने गाडी घेतली, फाटकापर्यंत एक फेरी मारून ब्रेक तपासला आणि खाली उतरला. "लोण्यासारखा लागतोय. पण झटके, आज उशीर केलास. कुठे थांबला होतास काय?"

"थांबलो होतो. जुन्या थांब्यावर."

"गार झाल्यावर ना?"

"दहाव्या दाबानंतर लगेच."

फोरमनचा चेहरा उतरला. तो गुडघे टेकून चाकाशी बसला, बॅटरी लावून डिस्क पाहिली, चाक फिरवून पाहिली, दुसऱ्या बाजूची पाहिली. उठला तेव्हा गोंधळला होता. "डाग तर कुठेच नाही."

"ब्रेक लावलाच नाही. चढ आहे तिथे. पाय उचलला की गाडी आपली आपण उभी राहते."

"च्यायला!" फोरमन खूश होऊन हसला. "बावीस वर्षं त्या रस्त्यावर जातोय आपण, कुणाच्या डोक्यात आलं नाही. साधी गोष्ट! अरे, मग हे आधी..." आणि तो थांबला. हसू अर्ध्यातच राहिलं. तो झटक्याकडे बघायला लागला, मग त्याला बघवेना, म्हणून गाडीकडे.

"त्या दिवशी चढावर वेग पडत होता," झटका म्हणाला. "म्हणून मी अ‍ॅक्सिलरेटर दिला."

फोरमनच्या मुठीत पुढच्या गाडीची चावी होती. झटक्याने हात पुढे केला तरी ती द्यायचं त्याला सुचेना. मग झटक्यानेच ती त्याच्या बोटांतून काढून घेतली आणि रांगेतल्या दुसऱ्या गाडीकडे चालू लागला.